दाबा, धरा, सोडा

ताडकळसला माझी बदली झाली तेव्हा खोली मिळता मिळेना. माणसं चांगली होती. "या बाई, बसा बाई," करायची, चहा टाकायची. मग हळूच आडनाव विचारायची. आडनाव ऐकलं की कुणाचा पुतण्या शिकायला येणार असायचा, कुणाच्या खोलीचं छप्पर गळायला लागायचं. मे महिन्याचं ऊन मी म्हणतंय, आणि ह्यांची छपरं गळायलीत! नामांतराचे दिवस होते. भांडण विद्यापीठाच्या पाटीचं, पण त्याची झळ माझ्यासारख्या एकट्या मास्तरणीच्या खोलीपर्यंत यायची.

शेवटी कुणीतरी सांगितलं, भांड्याच्या दुकानामागं एक खोली आहे, पण मालक तऱ्हेवाईक आहे. मी म्हटलं, सरळ माणसं बघून झाली, आता तऱ्हेवाईक बघू.

मालक, म्हणजे आप्पा, दुकानात पितळी घागर मांडीवर घेऊन बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी. घागरीला टिचकी मारायचे आणि डोळे मिटून कान लावायचे. माझं ऐकून घेतलं, वरून खालून बघितलं. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं तर हात वर केला.

"बाई, हाताची पकड कशी हाय?"

"काय?"

"पकड, पकड!" त्यांनी एक भलीमोठी सांडशी माझ्या हातात दिली. "दाबा. अजून दाबा. आता धरून ठेवा. म्या म्हणोस्तर सोडायचं न्हाई."

महिनाभराचा राग होता माझ्या अंगात. सगळा त्या सांडशीत ओतला. आप्पा गिऱ्हाईक करून आले, घागर जाग्यावर ठेवून आले, तरी मी धरूनच.

"सोडा," आप्पा म्हणाले. "खोली तुमची."

आडनाव त्यांनी त्या दिवशीही विचारलं नाही आणि नंतरही नाही. लोक म्हणतात आप्पा मोठ्या मनाचे. असतील. पण खरं सांगायचं तर आप्पांना भाडेकरू नको होता, लिव्हर धरायला माणूस पाहिजे होतं.

लिव्हर मोटारसायकलच्या ब्रेकचा. आप्पांकडं एक मोटारसायकल होती, हैदराबादहून आणलेली. तिच्या पुढच्या ब्रेकला तार नव्हती, तेलाची नळी होती. हँडलवर तेलाची छोटी डबी, तिथून नळी खाली चाकापर्यंत. मूठ आवळली की तेल पुढं सरकायचं आणि चाक जागीच धरायचं. तशी गाडी तेव्हा आमच्या भागात कुणी बघितली नव्हती. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्याची माणसं भांडी बघायच्या निमित्तानं तिलाच बघून जायची.

दर सोमवारी सकाळी, लिंगपूजा झाली की, आप्पा ती गाडी अंगणात घ्यायचे आणि ब्रेकमधली हवा काढायचे. नवीन गाडी, मिस्त्री चार पावलांवर, पण आप्पा दुसऱ्याचा हात लागू देत नसत. स्वतः पुढच्या चाकापाशी पाट टाकून बसायचे. चाकाजवळ एक बारीक नट असतो, त्याला सलाईनची नळी लावायची, नळीचं टोक तेल घातलेल्या काचेच्या बरणीत बुडवायचं. आता वर कुणीतरी लिव्हर दाबून धरायचा. खाली आप्पा नट जरासा सैल करणार, नळीतून तेल येणार, तेलाबरोबर हवेचा बुडबुडा येणार. मग आप्पा नट आवळणार, आणि त्यानंतरच वरच्यानं हात सोडायचा. आधी सोडला की संपलं, गेलेली हवा नळीतून परत आत.

"दाबा," खालून आवाज यायचा. "धरा." मग कितीतरी वेळ काहीच नाही. "सोडा."

आणि लोक नेमके आधी सोडायचे. दुकानातला गडी सोडायचा, शेजारचा शिंपी सोडायचा. पोस्टमास्तर एकदा शिंकले आणि सोडून बसले. सोमवारी सकाळी आप्पांच्या अंगणावरून जायला गाव भ्यायचं. पाना हातात घेऊन आप्पा दारात दिसले की माणसं रस्ता बदलायची.

"हवा लय हरामी चीज हाय बाई," ते मला सांगायचे. "तेल दाबलं तर दबत न्हाई, सगळा जोर चाकाला देतं. हवा मात्र दबते. जोर गिळून टाकते, अन् ऐन येळंला हात वर करते." बाजारात कुणी पुढारी भाषण ठोकून गेला की आप्पा घागरीला मारतात तशी हवेतच टिचकी मारायचे. "हवा हाय," म्हणायचे आणि परत कामाला लागायचे.

गाडीच्या टाकीवर पांढरे डाग होते. ब्रेकचं तेल सांडलं की रंग खातं. आप्पा ते डाग पुसत नसत, रंगवतही नसत. "असू द्या. कुणाचा हात कवा सुटला, ध्यानात राहतं."

आता काकूंचं सांगते. काकू म्हणजे आप्पांची बायको. ठेंगणी, गोरी, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. त्या आप्पांशी बोलत नव्हत्या. एक अक्षर नाही. मी राहायला गेले तेव्हा या अबोल्याला वर्षं झाली होती. त्या काही बोलायच्या तर गोठ्यातल्या म्हशीशी, "बाई ग, आज घरात मीठ न्हाई, कुणाला फिकीर हाय का?" असं, आप्पांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी गेल्यावर म्हैस सुटली आणि मी सापडले.

"बाई, त्यांना सांगा, जेवायला वाढलंय."

"बाई, त्यांना सांगा, आलोच."

दोघं बसलेली एकाच ओसरीवर! मी मधोमध. सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं माझी थट्टा करायलीत. एकदा वैतागून म्हटलं, "अहो काकू, ते तुमच्या शेजारीच बसलेत." तर म्हणाल्या, "हो ना, म्हणून तर लांब जावं लागत न्हाई तुमाला."

पहिले काही दिवस माझा पाण्याचा पेला वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे काकूंनाही दिसत होतं. पण निरोप्याला उंबऱ्याबाहेर ठेवून कसं चालणार? आप्पा जेवायला बसले की भाकरी पाहिजे, ठेचा नको, ताक आंबट झालंय, सगळं माझ्यामार्फत. बोलवून बोलवून काकू बेजार झाल्या. शेवटी मला चुलीपुढंच पाट दिला. पेला खिडकीतून मांडणीवर कधी गेला ते कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. त्या चुलीपुढं बसूनच मला अबोल्याचं कारण कळलं.

काकूंना एकच भाऊ, पालमला. शेती करणारा. आई लवकर गेली, काकूंनीच त्याला वाढवला. आप्पांची आधीची मोटारसायकल होती तारेच्या ब्रेकची. एकदा हा भाऊ मागं बसला होता. नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर पुढं कापसाची बैलगाडी आली, आप्पांनी ब्रेक दाबला, तार तुटली. भावाचा पाय गाडीखाली चिरडला. आप्पांना साधं खरचटलंही नाही. पायापायी भावाची ठरलेली सोयरीक मोडली आणि परत जमली नाही.

"दवाखान्यात मी ह्यांना एकच इचारलं बाई," काकू भाकरी थापत म्हणाल्या. "निघताना ब्रेक बघितला होता का? तर म्हणाले, मिस्त्रीनं बघितला होता. मी म्हणलं, तुमी बघितला होता का? तर मान खाली. मग मी ठरवलं. ह्या माणसाला परत काई इचारायचं न्हाई."

हातातली भाकरी तव्यावर गेली. "इचारायचंच न्हाई तर बोलून काय करायचं?"

भाऊ मात्र वेगळ्याच मातीचा. तो म्हणायचा, दाजींवर माझा राग नाही, आणि मी आक्काच्या घरी येईन तर दाजींच्याच गाडीवर बसून येईन, एसटीनं नाही. काकू म्हणायच्या, जीव गेला तरी त्याला त्या गाडीवर बसू देणार नाही. आणि आप्पा म्हणायचे, घरातून होकार आल्याशिवाय मी त्याला आणायला जाणार नाही. घोडं तिथं अडलं होतं. भाऊ कधी बहिणीच्या दारात आला नाही. काकूच एसटीनं पालमला जायच्या. वेळअमावस्येला तर हमखास. आमच्याकडं त्या दिवशी सगळं घर शेतात जातं, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, आंबिलीचा बिंदगा, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर आणतात, आंबील पिकावर शिंपतात, तिथंच जेवतात. भावाच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून बिंदगा काकूंचा.

तेव्हा मला सोमवारचं गणित सुटलं. आप्पा ब्रेक दुरुस्त करत नव्हते, होकाराची वाट बघत होते. आणि काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत असायच्या. मी एखाद्या वेळी लिव्हर चुकून आधी सोडला की आप्पांच्या आधी खिडकीतून "च्च" ऐकू यायचं.

एक प्रसंग सांगायलाच पाहिजे. नामांतराचं वातावरण तापलं, तसे बाजारातले चार-पाच जण आप्पांच्या दुकानात येऊन बसले. दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराआड मी उभी होते.

"आप्पा, मागची खोली त्या बाईला दिलाव म्हणं?"

"दिली की."

"आडनाव इचारलाव का?"

"न्हाई. पकड बघितली."

"तसं न्हवं आप्पा. दिवस कसे हायेत, तुमाला काय सांगायचं…"

"बरं," आप्पा म्हणाले. "तिला आजच खोली सोडायला सांगतो. तुमच्यातलं सोमवारी कोण येतंय लिव्हर धरायला, तेवढं बोला."

एकेकाला कामं आठवली. कुणाची म्हैस सुटली होती, कुणाकडं पाहुणे येणार होते. आप्पा टिचकी मारून पुढची चरवी तपासायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि हसूही आवरत नव्हतं. मागून काकू आल्या. "त्यांना सांगा, बाईला काढलं तर मी निरोप कुणाबरोबर धाडू?" मी आप्पांना तसंच सांगितलं. आप्पा म्हणाले, "त्यांना सांगा, कुणी काढत न्हाई." दोघांनीही आपापल्या गरजेपोटी मला ठेवून घेतलं, आणि मला ते बरं वाटलं. उपकार केले असते तर फेडत बसावं लागलं असतं.

त्या वर्षीची वेळअमावस्या आली आणि नेमका आदल्या संध्याकाळी बंद पुकारला गेला. नामांतरावरूनच. सकाळी स्टँडवर एकही एसटी नाही. शाळा बंद, दुकानं बंद. काकू पहाटेपासून तयार. सगळ्या भाज्यांची भज्जी झाली होती, बाजरीचे उंडे बांधले होते, आंबील बिंदग्यात भरून वर फडकं बांधलं होतं. नवी हिरवी बांगडी भरलेली. गडी स्टँडवरून येऊन म्हणाला, "आज गाडी न्हाई काकू." काकू ओसरीवर बसल्या. बिंदगा मांडीवर.

मग आप्पांनी घसा साफ केला.

"बाई, त्यांना सांगा. गाडी हाय."

मी काकूंकडं बघितलं. त्या समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

"ऐकलंय हो त्यांनी," मी आप्पांना म्हटलं.

आप्पा उठले. सोमवार नव्हता, तरी त्यांनी गाडी अंगणात घेतली, पाट टाकला, नळी लावली, बरणी ठेवली. मी लिव्हरपाशी गेले. खाली त्यांचा पाना नटावर बसेना.

"दाबा. धरा."

मी धरला. पण माझाही हात त्या दिवशी ठिकाणावर नव्हता. काकूंकडं बघायच्या नादात लिव्हर सुटला.

"बाई!" आप्पा खालून कळवळले. "आज तरी…"

तेवढ्यात मला कोपरानं कुणीतरी बाजूला सारलं. काकू होत्या. पदर खोचलेला. त्यांनी लिव्हर मुठीत घेतला आणि दाबला. बांगड्या वाजल्या.

मी बांगड्या घालत नाही, हे आप्पांना माहीत होतं. खाली पाना थांबला. मान वर होईना. खालूनच म्हणाले, "धर."

काकूंनी धरला. जन्मभर भाकऱ्या थापलेला हात तो. आप्पांनी नट सैल केला, बुडबुडे आले, नट आवळला. "सोड." परत दाब. परत धर. बरणीत बघत मी बसले होते. एक मोठा बुडबुडा आला, मग बारीक, मग मोहरीएवढा, मग नुसतं तेल. तरी आप्पा थांबेनात. अजून एकदा, अजून एकदा. काकूंच्या हाताच्या शिरा टरारल्या होत्या, पण आधी एकदाही सुटला नाही. शेवटी काकूंनी लिव्हर आपल्या आपणच दाबून बघितला. जरासा जाऊन टणक थांबला. त्या आत गेल्या, बिंदगा घेऊन आल्या, आणि गाडीवर मागं जाऊन बसल्या.

माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, त्यांना सांगा, आधी मी बसून बघते. मग माझ्या भावाचं बघू."

मी सांगायच्या आधीच आप्पांनी किक मारली. बैलगाडी बरी, इतक्या सावकाश ती गाडी गल्लीतून बाहेर पडली.

रात्री दोघं पालमलाच राहिली. दुसऱ्या दिवशी बंद सुटला, गाड्या सुरू झाल्या. तिसऱ्या प्रहरी काकू एकट्याच स्टँडकडून चालत आल्या, रिकामा बिंदगा कमरेवर. घाईघाईनं अंगणात बघितलं.

"आले न्हाईत का अजून?"

"कोण?"

"अहो, मीच भावाला त्यांच्या मागं बसवलं, अन् मी एसटीनं आले. माझ्या कितीतरी आधी निघालेत ते."

बिंदगा त्यांनी ओसरीवर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मी चहा टाकला, तो तसाच निवला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. काकू दाराची चौकट धरून उभ्या. "आंबील एक थेंब सांडली न्हाई काल," म्हणाल्या. थोड्या वेळानं परत तेच म्हणाल्या. "एक थेंब न्हाई बाई." मला त्यांच्याकडं बघवेना. मलाही तो नदीचा उतारच दिसायला लागला होता, आणि त्यावरची कापसाची गाडी.

दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. पुढं आप्पा, घामानं विभूती पार पुसलेली. मागं काठी आडवी धरून एक हसरा माणूस. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, पण तोंडवळा काकूंचाच.

"आक्का, तुझ्या नवऱ्याला काईतरी सांग!" काकूंचे भाऊ उतरायच्या आधीच सुरू झाले. "नदीच्या उतारावर आलो, तर दाजीनं गाडीच बंद केली. म्हणाले, तू खाली उतर अन् चालत ये. मी म्हणलं, चालता येत असतं तर काय पायजे होतं! मग काय केलं ठाव हाय का? सोता उतरले, अन् मला वर बसवून गाडी हातानं धरून उतरवली. सगळा उतार! गाडीवाले हसायलेत, पोरं मागं पळायलेत. ब्रेकवरची मूठ काई ढिली केली न्हाई. खाली आल्यावर बोटं उघडनात त्यांची. अर्धा घंटा बसलो तिथं, बोटं चोळत."

आप्पांचा उजवा हात अजून अर्धवट मिटलेलाच होता.

काकूंनी भावाकडं बघितलं. त्याचे दोन्ही पाय बघितले, हात बघितले. मग नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"उशीर कामून केला हो एवढा?"

आप्पा गोंधळून माझ्याकडं बघायला लागले.

"बाई," ते म्हणाले, "त्यांना सांगा, उताराला जरा…"

"बाईला कामून सांगताव?" काकू कडाडल्या. "मी काय बहिरी हाव? माझ्याकडं बघून सांगा!"

आप्पांनी बघितलं. वयाचा मोठा माणूस, गाडीचं हँडल धरून हमसाहमशी रडायला लागला. मी आत जाऊन चहाचं आधण परत ठेवलं, कारण मलाही तोंड लपवायला जागा पाहिजे होती.

पुढच्या सोमवारी मी सवयीनं तयार होऊन बसले. कुणी हाक मारली नाही. खिडकीतून बघितलं, तर अंगणात पाट, बरणी, नळी. आप्पा चाकापाशी, काकू लिव्हरपाशी.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय की! किती येळ? माझी भाकर करपायलीय तिकडं."